हवेची पेटी आणि चार सूत

भाऊजी, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय?" तुमच्या शेजारचे गुरुजी होते. त्यांनी नाव सांगितलं आणि पुन्हा तेच सांगितलं, नामदेवराव गेले. मी म्हटलं, ताईला फोन द्या. ताई बोलण्याच्या स्थितीत नव्हती. मग मी विचारलं, डॉक्टरांनी पाहिलं का? किती वाजता पाहिलं? नाडी दोन्ही हातांची पाहिली का? गुरुजी बिचारे उत्तरं देत गेले आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, तुम्ही या ना आता." समुद्रपूरच्या बसमध्ये बसल्यावरही मला वाटत होतं की काहीतरी घोळ आहे, लोकांनी घाई केली असेल. तुमच्या अंगणात पोचलो, पांढऱ्या कापडाबाहेर आलेले तुमचे पाय पाहिले, तेव्हा विश्वास बसला. तोंड पाहायची हिंमत बऱ्याच वेळाने झाली.

तुम्हाला याचं नवल वाटलं नसतं. माझा स्वभाव तुम्हाला माझ्या आईपेक्षा जास्त ठाऊक होता. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी न पोळताच फुंकत आलो. पेट्रोल पंपावर माझी नजर आकड्यावर, भाजीवाल्याकडे तराजूच्या दांडीवर. तुम्ही म्हणायचे, "सुधाकर, तुले देव जरी भेटला ना, तं तू त्याले रेशन कार्ड मांगशीन." मी हसायचो. पण मनात म्हणायचो, मागायलाच पाहिजे, आजकाल कोण कोणाच्या वेशात येईल सांगता येत नाही.

ताईचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा तुम्ही समुद्रपूरच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होता. माझं वर्ध्याला लागून पिपरी मेघेत इंजिनच्या कामाचं छोटं दुकान, पत्र्याचं शेड आणि मागे एकट्यापुरती एक खोली. कापसाचा हंगाम संपला की तुमच्या हातांना काम नसायचं, म्हणून रविवारच्या पहिल्या बसने तुम्ही माझ्याकडे येऊ लागलात. पाहुणा म्हणून आलात, दोन घास खाल्ले, आणि तिसऱ्या रविवारी एका दूधवाल्याच्या मोटरसायकलचं हेड, इंजिनचं वरचं झाकण, उचलून मांडीवर घेतलंत. हेडमधून जी वाट हवा आणि पेट्रोल आत नेते, तिच्यात ओतकामाचे बारीक उंचवटे राहून गेलेले असतात. तुम्ही पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि दुपारभर ती वाट घासत बसलात. "इंजिनचं नाक साफ करून राह्यलो," तुम्ही म्हणालात.

पुढच्या आठवड्यात दूधवाला खूश होऊन आला. गाडी चढावर दम टाकत नाही, पेट्रोलही कमी पिते म्हणाला. मग सावंगीला शिकणारी दोन पोरं आली, त्यांनाही तसंच नाक हवं होतं. मी तुम्हाला म्हटलं, गिऱ्हाईक काहीही सांगतं भाऊजी, नवं कव्हर घातलं तरी त्याला गाडी पळाल्यासारखी वाटते. तुम्ही कानस खाली ठेवली.

"म्हंजे तुह्या म्हननं असं हाये का मी उगाच घासून राह्यलो?"

"तसं नाही. पण पुरावा काय?"

"मंग मोजू."

"काय मोजणार?"

"हवा," तुम्ही म्हणालात, आणि चहाचा कप उपडा करून त्याच्या बुडावर बोटाने चौकोन काढलात.

ही सत्त्याण्णवच्या उन्हाळ्याची गोष्ट. पुढच्या रविवारी तुम्ही बसच्या टपावरून एक जुना पंखा उतरवलात. जिनिंगमध्ये नळ्यांमधून कापूस ओढून घेणारा, ढोलकीएवढ्या पोटाचा. भंगारातून आणला म्हणालात. मी म्हटलं, चिठ्ठी आहे का? तुमच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला, पण पुढच्या खेपेला तुम्ही मॅनेजरच्या सहीची चिठ्ठी आणलीत. मी ती खिशात घातली आणि तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा कोपऱ्यावरच्या टेलिफोनवरून मॅनेजरला फोन करून खात्री केली. हे तुम्हाला कळलं होतं का, कोण जाणे. आता असं वाटतं की तुम्हाला बहुतेक सगळंच कळत होतं.

प्लायवूडची कमरेएवढी पेटी केली. सांध्यांना पुट्टी भरली, वर एक भोक पाडलं, खाली पंखा बसवला. गल्लीतले लोक विचारायचे, कूलर बनवता काय? तुम्ही सगळ्यांना हो म्हणायचे, आणि एका म्हाताऱ्याने तर स्वतःसाठी एक सांगूनही ठेवला. हेड त्या भोकावर पालथं ठेवायचं, मध्ये मोटरच्या जुन्या ट्यूबचं रबर घालायचं म्हणजे फटीतून हवा शिरणार नाही. पंखा चालू केला की तो हेडच्या नाकातून हवा ओढणार. नाक चोंदलेलं असेल तर पेटीत जोराची ओढ बसणार, मोकळं असेल तर कमी. ती ओढ दाखवायला सलाइनची नवी नळी इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर ठोकली आणि तिच्यात निळीचं पाणी भरलं. पाणी जितकं कमी चढेल तितकी वाट मोकळी, एवढाच हिशेब. फळीवर तुम्ही लोखंडी पट्टीने सूत-सूत अंतरावर, म्हणजे इंचाला आठ, अशा रेघा ओढल्या. नळी मी तीनदा गरम पाण्याने धुतली, कारण ती नवी आहे हे फक्त आणणारा सांगत होता.

पहिल्यांदा पंखा लावला तेव्हा शेड थरथरलं. न घासलेल्या हेडवर पाणी चढलं ते चढलंच. मग तुम्ही घासलेलं हेड ठेवलं आणि पाणी पाच सूत खाली थांबलं. तुम्ही टोपी काढून रिकाम्या डब्यावर बसलात.  मग आत तोंड करून ताईला चहा टाकायला सांगितलंत, ताई समुद्रपूरला असताना. मला त्या क्षणी तुमचा फार आनंद झाला होता, भाऊजी. तो मी दाखवला नाही. म्हटलं, रबर नीट बसलंय ना? पुन्हा एकदा करू.

नंतरची दोन वर्षं आपण दर रविवारी भांडलो आणि मजेत भांडलो. माझं म्हणणं, वाट आरशासारखी गुळगुळीत करावी. तुमचं म्हणणं, थोडी खरबरीत ठेवावी, नाहीतर पेट्रोल हवेत मिसळत नाही, भिंतीवरून थेंब होऊन घसरतं. पेटीवर दोन्ही सारखीच उतरायची, कारण पेटीला पेट्रोलचं काय कळतंय. "तुही पेटी नकटी हाये," तुम्ही म्हणायचे, "तिले हवा समजते, वास नाई समजत." तो वाद आपण मिटवला नाही. पण सांगतो, आता मी वाट थोडी खरबरीत ठेवतो. का ठेवतो असं कोणी विचारलं तर माझंच डोकं आहे म्हणून सांगतो.

मग जिनिंग बंद पडली. तुम्ही माझ्याकडे शब्द टाकला नाहीत. टाकला तो ताईने, राखीच्या दिवशी, ओवाळून झाल्यावर ताट हातात धरून. "यंदा मले साडी नको. त्याइले तुह्या दुकानात भागीदार करून घे. आमी वर्धेलेच राह्यले येतो." राखीच्या ताटासमोर भावाने नाही म्हणायचं नसतं. मी हो पण म्हटलं नाही. म्हटलं, "पेटीवर ठरवू."

तुम्हाला ते पटलं. निदान मला तसं वाटलं. अट अशी ठरली की मी एक कोरं हेड देईन, तुम्ही ते आपल्या हाताने तयार कराल, आणि फळीवर मी ओढलेल्या लाल रेघेच्या खाली पाणी राहिलं तर दुकानाच्या पाटीवर दोघांची नावं. नाही राहिलं तर जसं चाललंय तसं. पुढच्या रविवारी तुम्हाला रेघ दाखवली. तुम्ही चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलंत, म्हणालात, "बरं," आणि हेड पिशवीत घालून घेऊन गेलात. दोन आठवडे घासत होता म्हणे, सकाळ-संध्याकाळ.

ज्या रविवारी ते आणलंत त्या दिवशी ताईही आली होती, भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन. हेड पेटीवर बसवलंत, आणि मी व्होल्टेज तपासायला पुढच्या मीटरपाशी गेलो, कारण कमी दाबावर पंखा हळू फिरतो आणि पाणी आपोआप कमी चढतं. दाब ठीक होता. परत आलो, पंखा लावला. पाणी चढत गेलं आणि लाल रेघेच्या अर्धा सूत खाली थांबलं. ताईने हात जोडले. तुम्ही पाण्याकडे पाहिलंत, मग पेटीकडे, मग ताईकडे. हसला नाहीत. मला तेव्हाच शंका आली. जिंकलेला माणूस असा गप्प राहतो का?

तुम्ही दोघं बसमध्ये बसल्यावर मी शेडमध्ये आलो. हेड पेटीवर तसंच होतं. मी एक उदबत्ती पेटवून त्याच्या कडेने फिरवली आणि पंखा लावला. एका कोपऱ्याशी धूर सरळ आत ओढला गेला. हेड उचललं, तर रबराचा कोपरा आतल्या बाजूला दुमडलेला. काडीपेटीची काडी जाईल एवढी फट. तिथून फुकटची हवा आत शिरत होती आणि पाणी खाली राहत होतं. पेटी बनवणाऱ्यानेच पेटीला फसवलं होतं, असा मी अर्थ लावला.

बोललो मात्र नाही. जावयाला तोंडावर खोटं पाडायची आपल्याकडे रीत नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह. नऊ ग्रहांची शांत करता येते, याची नाही. अधिक महिन्यात ज्यांच्या हातावर अनारशांचं ताट ठेवायचं, त्यांना भामटा कसं म्हणणार? मी ताईला सांगितलं, दसरा होऊ दे. मग म्हटलं, संक्रांत होऊ दे. मग नवी मशीन येऊ दे. ताईने पुढच्या राखीला विचारलं नाही. तुम्ही तर एकदाही विचारलं नाहीत, आणि त्यामुळे माझी खात्रीच पटली की तुमचं मन तुम्हाला खात असणार.

समुद्रपूरला एका ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही कामाला लागलात. रविवारी मात्र येत राहिलात. आणि मी काय करायचो ते तुम्ही पाहत होता. तुम्ही पेटीवर काहीही ठेवलं की मी पुढे होऊन रबराच्या चारही बाजूंनी बोट फिरवायचो, सावकाश, तुमच्यासमोर. तोंडाने बोलता येत नव्हतं ते मी बोटाने बोलत होतो. तुम्ही तेवढा वेळ हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. नऊ वर्षं मी हे केलं. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही आपल्या मालकाशी भांडून महिनाभराची रजा काढली आणि माझं दुकान चालवलंत. मी उठून हिंडायला लागलो तेव्हा आधी काय केलं असेल? गिऱ्हाइकांना विचारत फिरलो, "आमच्या पाहुण्यांनी, भाऊजींनी, तुम्हाला समुद्रपूरला यायला सांगितलं का?" दूधवाला म्हणाला, "नाई बा. ते तं म्हनत होते, मोठं काम मालक आल्यावर दाखवजो." हे ऐकूनही मला वाटलं की तुम्ही त्याला पढवून ठेवलं असेल.

तेरवी झाली, आणि काल मी दुखवटा घेऊन समुद्रपूरला गेलो. ताईसाठी साडी, घरच्यांसाठी जेवणाचं सामान. ताई मागच्या ओट्यावर बसली होती. मी साडी समोर ठेवली. तिने साडीला हात लावला नाही. म्हणाली,

"सुधाकर, एक सांगतो. त्या दिवशी रबर म्या दुमडलं होतं."

मी साडीची घडी सरळ करत राहिलो.

"तू मीटर पाह्यले गेलता. हे हात धुवाले बाहेर गेलते. म्या हेड जरासं उचललं अन् कोपरा आत सारला. त्याइनं मले सांगतलं होतं ना, की फट राह्यली तं पानी खाली राह्यते. त्याइले काईच माहीत नव्हतं. पानी पाह्यल्यावर समजलं त्याइले. बसमधी मले म्हने, हे तू केलं. म्या रडाले लागलो. म्हने, माहेरी सांगू नको. तिथं तुह्या नावाले डाग लागला तं तुले जागा नाई राह्यनार. माहं चालते, मी जवाई हावो."

आता मी काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही कोणाबरोबर इतकी वर्षं रविवार काढले ते कळेल. मला पहिल्यांदा वाटलं, ताई तुमच्यावर पांघरूण घालते आहे. गेलेल्या नवऱ्याचं नाव धुऊन घ्यायला बायको काय बोलणार नाही? मी तिला विचारलं, "कोणता कोपरा?" दुखवट्याच्या दिवशी, कपाळ मोकळं घेऊन बसलेल्या सख्ख्या बहिणीला मी हे विचारलं. तिने वर पाहिलं. मग म्हणाली, "दाराकडचा. डावा." तोच होता.

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "माह्यापायी त्याइचं राहून गेलं रे. तुले फट दिसली असन, म्हनूनच तू घेतलं नाई त्याइले. मले समजत होतं. नऊ वर्स मी झुरून राह्यलो."

भाऊजी, त्या फटीमुळे मी तुम्हाला नाकारलं, असं मीही स्वतःला सांगत आलो होतो. ते खरं नाही. ताई रडत होती आणि मला उठून जाता येत नव्हतं, म्हणून मी ते सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो. राखीनंतरच्या गुरुवारी तोच दूधवाला व्हॉल्व घासून घ्यायला आला होता. त्याचं हेड म्हणजे तुमच्या हातचं सगळ्यात उत्तम काम, तुम्ही स्वतः म्हणायचे. तो चहाला गेला तेवढ्यात मी ते पेटीवर ठेवलं, पाणी कुठे थांबतं ते पाहिलं, आणि त्याच्या चार सूत खाली लाल रेघ ओढली. तिथपर्यंत तुमचाच काय, कोणाचाच हात पोचला नसता. त्या महिन्यात तीन गिऱ्हाइकांनी मला विचारलं होतं, पाहुणे कधी येतात, आम्ही तेव्हाच येतो. माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर. पाटीवर तुमचं नाव आलं असतं तर वर्षभरात माझं कोणी वाचलं नसतं, याची मला भीती वाटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी आधीच खोटी रेघ ओढून बसलो होतो, म्हणूनच मला तुमच्या पेटीत फट शोधायची घाई झाली होती.

हे सगळं मी ताईला सांगितलं. तिची मान खालीच होती. मला वाटलं आता ती मला घराबाहेर काढेल, आणि काढायलाच हवं होतं. ती म्हणाली, "त्याइले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"रेघ. तू दाखवली त्याच दिवशी घरी येऊन म्हने, सुधाकरनं रेघ लय खाली मारली. तिथं कोनाचाच हात नाई पोचत. त्याले मी नको हावो, पन तुह्यासमोर त्याले बोलता नाई येत. म्हनून तं म्या रबर दुमडलं रे. नाई तं मी कायले हात लावतो त्या पेटीले?"

"मग ते दोन आठवडे घासत कशाला बसले?"

"म्याही हेच इचारलं. म्हने, दिलं हाये तं करून द्याले लागते."

"आणि नंतर? दर रविवारी कशाला येत होते?"

ताईने साडी उचलून मांडीवर घेतली. "कायले म्हंजे? तुले हाये कोन दुसरं?"

भाऊजी, परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो आणि शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. माझ्याकडे तुमच्याबद्दल नुसती शंका होती, आणि तेवढ्यावर मी नऊ वर्षं तुमच्याशी मनापासून एक शब्द बोललो नाही. तुमच्याकडे माझ्याबद्दल खात्री होती, आणि तुम्ही दर रविवारी पहिल्या बसने येत राहिलात.